चढावरचा आठवा डबा

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. दाताच्या दवाखान्यामागे तिची लहानशी खोली होती. तिथे मेण, प्लास्टरचे साचे आणि बारीक कानशींची रांग. चाळीस वर्षं तिने लोकांचे दात तासले, पण ते तोंड कुणाचं हे तिला कधी कळलं नाही. "मला माणसाचं नाव नको, चावा सांगा," असं ती डॉक्टरांना सुनावायची. जीभ फटकळ, पण हात असा हलका की केसाच्या जाडीचा फरक तिला बोटाच्या टोकाला कळायचा.

आतोबा मालगाडीचे डबे तपासायचे. गाडी यार्डात लागली की एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा हाताखालचा जोडीदार, हातोडीने चाकं वाजवत शेवटच्या डब्यापर्यंत जायचे. त्या जोडीदाराला सगळे टकटक म्हणत. आमच्या घरात ते टकटककाका. निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना आतोबांनी तपासून सोडलेली एक गाडी चढावर मधोमध सुटली. मागचे डबे उलटे घरंगळत आले. खाली फाटकावरचा माणूस फाटक लावायला धावला. फाटक लागलं, तो मात्र वाचला नाही. चौकशी झाली, आतोबांवर ठपका आला नाही. ते घरी आले, हातपाय धुतले, जेवले, आणि त्या दिवसाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. आत्यानेही विचारलं नाही. खपली धरतेय ती कशाला खरवडा, असं तिला वाटलं.

निवृत्तीनंतर आतोबांनी माडीवरच्या खोलीत छोटी आगगाडी मांडली. खोलीभर टेबल, त्यावर रूळ, एक लांब चढ, पायथ्याशी फाटक, आणि बोटभर लांबीच्या अकरा डब्यांची मालगाडी. रोज दुपारी ते ती चालवत आणि रोज चढावर ती सुटे.

"सुटली का तुमची गाडी?" आत्या खालून ओरडायची.

"सुटली."

"जन्मभर खऱ्या गाड्या तपासल्यात आणि हे खेळण्यातले डबे सांभाळता येईनात!"

वरून पुन्हा गाडीची घरघर सुरू व्हायची.

मग एका सकाळी आतोबा खुर्चीतच गेले. मी तेव्हा आत्याकडे राहून नोकरी करत होते. भेटायला येणारी माणसं थांबली, घर सुनं झालं, तेव्हा आत्या माडीवर गेली. तिने बटण दाबलं. गाडी चढावर गेली, सातव्या आणि आठव्या डब्याच्या मधून सुटली आणि मागचे चार डबे घरंगळत येऊन फाटकाशी उभे राहिले.

"त्यांना जमलं नाही," ती मला म्हणाली, "मी करते. एवढं तरी त्यांचं काम नीट लागू दे."

दुसऱ्या दिवशी तिने कवळ्यांची हत्यारं घरी आणली. एक काच तिरकी टेकवली आणि एकेक डबा तिच्यावरून सोडून पाहिला. काही सरळ धावत, काही रुसल्यासारखे अर्ध्यात थांबत. थांबणाऱ्यांच्या चाकांत केस आणि धूळ गुंडाळलेली होती. ती तिने चिमट्याने काढली. दोन चाकं जोडणारा आस जिथे टेकतो ती भोकं साफ करून त्यांत पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली. पत्र्याचं एक माप कापून प्रत्येक जोडीतल्या दोन चाकांमधलं अंतर तपासलं. मग डबे तराजूवर ठेवले. हलका डबा जड डब्यांमध्ये सापडला की उचलला जातो, म्हणून हलक्यांच्या पोटात शिशाचे तुकडे चिकटवून सगळ्यांचं वजन सारखं केलं. पंधरा दिवसांत डबे असे पळू लागले की फुंकर मारली तरी हलावेत.

आणि तिथूनच घरात विपरीत सुरू झालं.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. माडीवरून बारीक घरघर ऐकू आली. लांब जाणारी, मग टक्. आम्ही वर गेलो. गाडी आत्याने चढावर उभी ठेवली होती. सात डबे जागेवर आणि चार खाली, फाटकाशी.

"ट्रक गेला असेल रस्त्यावरून," मी म्हटलं. "जमीन हादरते ना."

"ट्रक ऐकलास तू?"

मी ऐकला नव्हता.

त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा तसंच होऊ लागलं. आत्या समजावून सांगायची, "आधी चाकं जड होती म्हणून ते उभे राहायचे. मीच त्यांना मोकळं केलंय." पण ते सांगताना ती जिन्याकडे बघत असायची. घास हातात धरून थांबायची. एकदा तर घरघर सुरू होताच तिच्या तोंडून नेहमीचं निघालं, "सुटली का?" आणि तिने घास ताटात ठेवला.

मग तिने डबे एकमेकांना जोडणारे हूक हातात घेतले. दोन हूक एकमेकांत कसे बसतात ते पाहायला तिने दातांचा चावा पाहायचा निळा कागद त्यांच्यात धरला. कुठे डाग उमटतो त्यावरून उंची कळते. नऊ जोड्यांत डाग बरोब्बर मधोमध. फक्त सातव्या डब्याचा मागचा हूक केसभर खाली. तिने भिंग लावलं आणि भिंग लावूनच थबकली.

"हा वाकलेला नाही. हा कानशीने घासून खाली घेतलाय. मुद्दाम." तिचा आवाज खोल गेला. "हात त्यांचाच आहे."

तिने टकटककाकांना बोलावून घेतलं. ते आले, टेबलापाशी उभे राहिले आणि काही न विचारता त्यांनी डबे मोजले. आठव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"त्या दिवशी हीच गाडी होती, वहिनी. अकरा डबे. सातव्याचा हूक केसभर खाली होता. साहेबांनी मला पलीकडून हाक मारून दाखवला."

"आणि?"

"गाडीला उशीर झाला होता. मी म्हणालो, चालतंय. ते दोनदा वाकून बघत राहिले. मी पुन्हा म्हणालो, अहो, चालतंय." काकांनी चष्मा काढला. "शब्द माझा, सही त्यांची. चौकशीत त्यांनी माझं नावही घेतलं नाही."

"ही गाडी बघायला यायचात तुम्ही?"

"एकदाच आलो. साहेब म्हणाले, रोज बघतो, कुठल्या क्षणी हात घातला असता तर फाटकावरचा वाचला असता. मला पुढे उभं राहवेना."

आत्या रडली नाही. तिने हूक सोडवला, त्याखाली कागदाची पातळ चकती सरकवली, निळा कागद लावून पाहिलं, पुन्हा एक चकती सरकवली. डाग मधोमध आला. "बटण तुम्ही दाबा," ती काकांना म्हणाली. त्यांनी दाबलं. गाडी निघाली, फाटकावरून गेली, चढाला लागली. सातवा, आठवा, अकरावा, सगळे माथ्यावर. आम्ही ती वीस वेळा चालवली. एकदाही सुटली नाही. काका भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडले. आत्याने त्यांना पाणी दिलं.

उभी गाडी घसरू नये म्हणून तिने चढावर रुळांच्या मधे दात घासायच्या ब्रशाचा एक ताठ केस रोवला. इंजिन ओढतं तेव्हा तो वाकून वाट देतो. डबे नुसते उभे असले तर आस त्याला अडतो. आता काही हलायचं कारणच नव्हतं.

त्याच आठवड्यात, दुपारी, घरघर आली. लांब जाणारी, मग टक्. मी धावत वर गेले. अकराच्या अकरा डबे एकमेकांत अडकून चढावर उभे होते. फाटक मोकळं होतं. मागून आत्या हळूहळू जिना चढून आली. तिने डब्यांकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातली आतोबांची खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि बसली.

"तू जा खाली," ती म्हणाली. "मी आहे इथे."

पुढे माझी बदली झाली. टकटककाका महिन्यातून एकदा तिच्याकडे जातात, गाडी चालवतात, फार बोलत नाहीत. आत्या अजून त्याच घरात राहते. दुपारी मी फोन केला तर तो बराच वेळ वाजत राहतो. ती वर असते.