ओढ्यापलीकडच्या पाड्याचा नकाशा

"उत्तर दिशा कुठे आहे, दाखवा बरं," असं विचारल्यावर माझ्या सगळ्या वर्गानं छपराकडे बोट केलं.

वर्ग तिसरी-चौथीचा, एकत्र. शाळा जिल्हा परिषदेची, वैशाखऱ्याच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावरून आत वळल्यावर. दिवाळीनंतर माझी बदली तिथे झाली होती. प्रश्न विचारला होता देसले बाईंनी. त्या आमच्या केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देऊन शिकवण्यावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकारी. त्या दिवशी त्या मागच्या बाजूला मुलांमध्येच मांडी घालून बसल्या होत्या.

मुलांच्या परीनं उत्तर बरोबरच होतं. नकाशा भिंतीवर टांगलेला, त्यात एक बाण वर गेलेला, बाणाच्या टोकाला 'उ'. मग उत्तर वरच असणार. दिशा, खुणा, प्रमाण हे तिन्ही पाठ त्यांचे शिकून झाले होते. व्याख्या विचारली की धडाधड सांगत होती.

मला वाटलं आता शेरा मिळणार. देसले बाईंनी ऑफिसात येऊन चहा मागितला.

"पाठ झालेत," त्या म्हणाल्या. "घटक झालेला नाय."

शाळेबाहेरच्या लोकांसाठी यातला फरक सांगते. पाठ म्हणजे एका तासाचं शिकवणं. घटक म्हणजे असे काही पाठ, जे मिळून मुलाला एका ठिकाणी नेऊन पोचवतात. पाठ सुटे सुटे चांगले असूनही घटक कुठेच पोचत नाही, असं होऊ शकतं. विटा आहेत, भिंत नाही.

त्यांनी मला विचारलं, हा घटक संपल्यावर मुलांनी काय करून दाखवायला हवं? मी म्हटलं, नकाशा वाचता यायला हवा. त्यांनी विचारलं, कशासाठी? मी नियोजनाची वही उघडून बघितली. सरकारी कागदात याला अध्ययन निष्पत्ती म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ साधा: शिकून झाल्यावर मूल काय करू शकेल. मी ती ओळ दरवर्षी लिहीत असे, पण लिहायची म्हणून.

"शेवट आधी ठरवा," देसले बाई म्हणाल्या. "मग तिथून मागं मागं या. पुढल्या शनिवारी मी परत येते, दोघी बसू."

त्या शनिवारी येतील असं मला खरं वाटलं नव्हतं. त्यांच्याकडे मीटिंगा, अहवाल, ऑनलाइन माहिती भरणं, काम काही कमी नव्हतं. पण त्या आल्या. आणि आमचा शेवट आम्हाला शोधावा लागला नाही, तो चालत शाळेत आला.

सविताताई म्हणजे गावची आशा. घरोघर जाऊन गरोदर बायका आणि लहान मुलांची काळजी घेणारी आरोग्य स्वयंसेविका. ती मुलांच्या जंताच्या गोळ्या द्यायला आली होती. बोलता बोलता तिनं तिची अडचण सांगितली. ओढ्यापलीकडे एक पाडा आहे, तिथे फोनला रेंज नाही. मोबाइलच्या नकाशात त्या जागी नुसतं हिरवं दिसतं. लसीकरणाची गाडी असो की ॲम्ब्युलन्स, ड्रायव्हर हमखास चुकतो.

"मी सांगते चिंचेपासून वळा," सविताताई म्हणाली. "त्याला काय म्हाईत चिंच कुठली? आन् आता मंजुळाच्या काकूचे दिवस भरत आलेत. होळीच्या आसपास. मागच्या टायमाला तिला लय त्रास झालेला."

मंजुळा माझ्या चौथीतली, त्याच पाड्यातली मुलगी. फारसं न बोलणारी.

देसले बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: नवखा ड्रायव्हर कुणालाही न विचारता, फक्त मुलांच्या नकाशावरून पाड्यात पोचेल. हा आमचा घटकाचा शेवट आणि हीच आमची परीक्षा.

मग आम्ही मागे मागे आलो. नकाशा बनवायचा तर मुलांना जागा वरून कशी दिसते ते उमगायला हवं. दिशा पक्क्या हव्यात. खुणा अशा हव्यात की परक्यालाही कळतील. अंतराचा अंदाज हवा. पुस्तकात दिशा आधी येते. आम्ही ती दुसऱ्या क्रमांकावर नेली. पहिल्या दिवशी भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि जमिनीवर अंथरला. मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली. मग बाहेर नेऊन उगवतीकडे, माळशेजच्या डोंगराकडे तोंड करून उभं केलं. डावा हात लांब करा, ती उत्तर. परत आत येऊन नकाशा त्या उत्तरेला जुळवून फिरवला. छपराचा प्रश्न तिथे संपला.

आधी वर्गाचा नकाशा, मग शाळेच्या आवाराचा, मग गावाचा. प्रत्येक दिवसाचं काम आदल्या दिवसाच्या कामावर उभं. देसले बाईंनी मधे एक छोटी तपासणी ठेवायला लावली. त्यांचं म्हणणं, शेवटी कळून उपयोग नाही, मधे कळायला हवं. म्हणून एका गटानं आवाराच्या आसपास वस्तू लपवायची, नकाशा काढायचा आणि दुसऱ्या गटानं ती शोधायची.

त्यात आम्ही आपटलो. एका गटाच्या नकाशात ठळक खूण म्हणून म्हैस होती. दुसरा गट शोधायला निघेपर्यंत म्हैस ओढ्यावर गेलेली. मुलं हसून लोळली, पण मला दिसलं की इथे एक पाठ कमी पडतोय: खूण कोणती टिकते आणि कोणती नाही. पुढे जायचं ठरलेलं असूनही मी थांबले आणि तो पाठ घातला.

आमचे मुख्याध्यापक काळजीत पडले. त्यांचं चुकत नव्हतं, चाचणी जवळ आली होती. मी देसले बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, मराठीत या महिन्यात काय आहे? मी म्हटलं, सूचना लिहिणं. त्या म्हणाल्या, मग नकाशाखालच्या सूचना मराठीच्या तासाला लिहून घ्या. दोन घटक एकमेकांत बसले आणि वेळ निघाला. मला हे सुचलं नसतं.

फेब्रुवारीत लसीकरणाच्या दिवशी, गावातलं काम उरकल्यावर, परीक्षा झाली. सविताताईनं ड्रायव्हरला पटवलं होतं. तो सापगावचा, निलेश नावाचा, या बाजूला नवा. त्यानं मुलांचा नकाशा नीट हातात घेतला, जसा मोठ्या माणसाचा कागद घ्यावा तसा. अट एकच, कुणाला विचारायचं नाही. मुलांना घेऊन मी पायवाटेनं पुढे पाड्यात गेले आणि वाट बघत बसले.

गाडी आली नाही. बऱ्याच वेळानं तिचा हॉर्न भलत्याच बाजूनं, खाणीकडून ऐकू आला. आम्ही शाळेत परतलो. निलेश गाडी घेऊन तिथे आला तेव्हा घामाघूम झाला होता, पण चिडलेला नव्हता.

"मॅडम, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडं लिहिलंय," तो म्हणाला. "मी डावीकडंच वळलो."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. टाकीपाशी डावीकडेच वळायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पाड्यातली मुलं रोज तसंच वळायची. मंजुळानं नकाशा जमिनीवर ठेवला, त्याच्या एका टोकाला उभी राहिली, मग दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"बाई, आमी घरून शाळेला येतो," ती म्हणाली. "हा दादा शाळेकडून घरी चाललाय. त्याचं डावं येगळं."

मी तिच्या शेजारी जाऊन नकाशा तिच्या बाजूनं बघितला. वाचणाऱ्याच्या जागी उभं राहायचं, ही गोष्ट आमच्या नियोजनात कुठेच लिहिलेली नव्हती. तीच सगळ्यांत महत्त्वाची निघाली. मुलांनी सूचना नव्यानं लिहिल्या, रस्त्याकडून पाड्याकडे. निलेशनं आपला डबा शाळेतच खाल्ला आणि परत निघताना म्हणाला, आता आणखी एकदा जाऊन बघतो. हे त्याचं काम नव्हतं. या वेळी गाडी सरळ पाड्यातल्या समाजमंदिरासमोर जाऊन उभी राहिली. नकाशा त्यानं गाडीत काचेजवळ अडकवून ठेवला. सविताताईनं त्याच्या आणखी प्रती काढून आरोग्य केंद्रातल्या बाकीच्या ड्रायव्हरांना दिल्या.

होळीच्या आधी, मधली सुट्टी संपल्यावर, रस्त्यावर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. आमच्याकडे येणारी कुठलीही गाडी एरवी शाळेच्या फाटकाशी थांबते, कारण रस्ता विचारायला दुसरी जागा नाही. मी खडू ठेवून बाहेर यायला निघाले. गाडी थांबली नाही. फाटकावरून पुढे गेली, टाकीपाशी बरोबर वळली आणि दिसेनाशी झाली. गाडी चालवणारा निलेश नव्हता, दुसराच कुणी होता. मंजुळा खिडकीचे गज धरून उभी होती. मी तिला बस म्हटलं नाही.

थोड्या वेळानं गाडी परत त्याच रस्त्यानं मुरबाडच्या दवाखान्याकडे गेली. संध्याकाळी सविताताईचा फोन आला. मंजुळाच्या काकूला मुलगी झाली होती, दोघीही बऱ्या होत्या. डॉक्टरांनी वेळेत आणलंत असं म्हटल्याचं तिनं सांगितलं. मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, आणि मग बराच वेळ गणित झालं नाही.

मी देसले बाईंना कळवलं. "छान," त्या म्हणाल्या. "आता मराठीतल्या उताऱ्यांच्या घटकाचं काय करताय?" मला त्यांच्यासारखी माणसं नोकरीत भेटली हे माझं नशीब. चुकलेलं दाखवणारे पुष्कळ असतात. शनिवारी येऊन शेजारी बसणारे थोडे.

घटक नियोजनाचा छापील तक्ता असतो. पहिल्या रकान्यात उद्दिष्ट, मग पाठ, साहित्य, आणि सगळ्यांत खाली मूल्यमापन. मी आता तो खालून वर भरते. तपासणाऱ्यांना काही फरक दिसत नाही.