दोन उजव्या बाह्या

कारखान्यात तिला सगळे उजवी म्हणायचे. शर्टाची उजवी बाही मुंढ्याला जोडायची, एवढंच तिचं काम. तिच्या डाव्या हाताला, टेबलाला टेबल लावून, डावी बसायची आणि डावी बाही जोडायची. कॉलरवाली वेगळी, काजांची वेगळी, खिशांची वेगळी. शर्ट हातोहात पुढे सरकायचा आणि कुठेतरी टोकाला पूर्ण व्हायचा. तो पूर्ण झालेला उजवीने फारसा कधी पाहिला नव्हता. मान वर केली की सुपरवायझर खेकसायचा, म्हणून मान खालीच. मधल्या काळात तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला, आणि बाह्या काही संपल्या नाहीत.

गेल्या वर्षी डावी डोळ्यांपायी घरी बसली, आणि इकडे उजवीच्या खांद्याने दगा दिला. स्वतःची वेणी घालायलाही हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसभर सारखं एकच काम करणं सोडा. सांगायला त्यांचं काय जातंय, असं घरी येऊन ती म्हणाली आणि सकाळी पुन्हा कामावर गेली.

यातून वाट काढली ती मुलीने. कोपऱ्यावरच्या बुटीकवाल्या बाईंना घरी बसून, आपल्या सवडीने कपडे शिवून देणारी कोणीतरी हवी होती. मुलगी जाऊन बोलून आली. अर्धं आयुष्य शिवणात गेलंय आईचं, असं तिने छाती फुगवून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. बाईंनी फुलाफुलांचं मोजकं कापड आणि पॅटर्नचं पाकीट दिलं. एक ड्रेस पुरा शिवून आणा, नीट असला तर काम तुमचं. म्हणजे या एका ड्रेसवर कारखाना सुटणार की नाही ते ठरणार होतं.

सुट्टीच्या दिवशी जेवणाचं टेबल पुसून तिने पाकीट फोडलं. आत चादरीएवढा पातळ कागद निघाला आणि त्यावर रेघाच रेघा. नुसतं बघूनच ती दमली. कारखान्यात कापलेले तुकडे गठ्ठे बांधून पुढ्यात यायचे. ते कोण कापतं, कसं कापतं, हे विचारायला फुरसत कोणाला होती? तरी तिने सोबतचा माहितीचा कागद वाचायला घेतला. बाहीपाशी लिहिलं होतं, दोन कापा. पुढेही बारीक अक्षरात काहीतरी होतं, पण बाहीबद्दल आता हिला कोण शिकवणार? ते तिने सोडून दिलं. कापड पुरावं म्हणून घडी न घालता एकेरीच पसरलं, बाहीचा कागद कापून ठेवला, खडूने आखलं, कापलं. कागद उचलून तसाच पुढे ठेवला आणि दुसरी बाही कापली.

गळ्याने तिचा जीव खाल्ला. चेनने तर नाकी नऊ आणले. दोनदा लावली, दोनदा उसवली. खांदा ठणकत होता. पण बाह्या उरल्या तेव्हा तिला हायसं वाटलं, कारण हे तर डोळे मिटून करायचं काम. उजवी बाही खरंच तशी लागली, एकही चुणी नाही. डावी मात्र बसेचना. पुढे फुगा आणि मागे ताण. उसवली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. शेवटी ती काढून तिने उजव्या बाहीच्या शेजारी धरली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही बाह्या उजव्या होत्या. कापड एका बाजूनेच छापलेलं, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नाही. माहितीच्या कागदावरची बारीक अक्षरं तिने आता वाचली: दुसऱ्या वेळी कागद पालथा घालावा.

“राहू दे,” ती मुलीला म्हणाली, “मला बाहीच येते. ड्रेस नाही येत.”

मुलगी चपला घालून पलीकडच्या गल्लीत गेली आणि डावीला हाताला धरून घेऊन आली. डावीने जाड चष्म्यातून पाहिलं, मग डोळ्यांवर भरवसा न ठेवता दोन्ही बाह्यांच्या गोलाईवरून बोटं फिरवली, आणि हसत सुटली. हसून हसून चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली.

“एवढी वर्षं माझ्या शेजारी बसलीस,” ती म्हणाली, “माझ्या हाताकडे एकदा तरी पाहिलंस का गं?”

उजवी विचार करत राहिली. डावीच्या सासूचं आजारपण तिला पाठ होतं, डावीच्या घरातली भांडणं पाठ होती. पण डावी बाही कशी लावतात, ते तिने खरंच पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं. डावीचं वाईट वाटून की स्वतःचं, कोण जाणे. आणि रडायचाही तिला कंटाळा आला होता.

“आता पाहायचं तर मला शिवायला दिसत नाही,” डावी म्हणाली. “मी सांगते, तू लाव.”

ड्रेसच्या कमरेच्या पट्ट्यासाठी राखलेलं कापड आणि उरलेले तुकडे जोडून नवी बाही कापली, कागद पालथा घालून. जोड काखेच्या बाजूला घेतला. डावी बोटांनी चाचपून सांगत होती आणि उजवी नवशिक्यासारखी टाका टाका सरकत होती.

बुटीकवाल्या बाईंनी ड्रेस उलटा करून पाहिला. जोड लगेच सापडला, पट्टा कुठे गेला तेही विचारलं. उजवीने खरं ते सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पट्टा शाबूत हवा, आणि नवं कापड पुढे केलं. उजवीचा जीव भांड्यात पडला, पण आनंद करायचं त्राण नव्हतं. घरी येऊन ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी तिच्या जागी एक कोवळी मुलगी आली. हात चलाख होता. उजवीने तिला मशीन दाखवलं, दोऱ्याची खोड सांगितली आणि निघताना खाली वाकून हळूच म्हणाली, “अधूनमधून शेजारणीच्या हाताकडे बघत जा, पोरी.”

पोरीने होकारार्थी मान हलवली. पण वर काही केली नाही. पुढची बाही आली होती.