चौदा इंजेक्शनं

आज आबांची काळी लष्करी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि तळाशी माझी कॉलेजातली इंग्रजी डिक्शनरी सापडली. डोळे आता लवकर दमतात, तरी ‘रेज’ शब्दाचं पान मी शोधलंच.

सत्तरच्या दशकातली, वडूजची दुपार. माझे वडील, आबा, सैन्यातून पेन्शनवर घरी आले होते. आमटी अळणी झाली म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. त्याची कड आईच्या कपाळाला लागली. ती जखमेवर हळद दाबून पुन्हा भाकरी थापायला बसली.

मी तेव्हा बी.ए.ला होते. डिक्शनरी आबांपुढं आपटली नि मी म्हणाले, “वाचा! असल्या रागाला इंग्रजीत रेज म्हणतात. लॅटिनमधून आलाय शब्द. रेबीजचं मूळही तेच. पिसाळणं!”

आता माझ्यावर हात उगारतील, असं वाटलं. पण ते मटकन खाली बसले.

“व्हय गं. लय दमलोय मी बी ह्या रागानं,” आबा म्हणाले. “साताऱ्याला दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं देत्यात न्हवं? मला दे की ती.”

“ती चावलेल्याला देतात, आबा. पिसाळलेल्याला औषध नसतं.”

तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता माझाही आवाज घरात चढतो, सून गप्प होते, आणि मग दिवसभर माझं अंग गळून जातं.

त्या दुपारी आबांनी चुलीकडं पाहिलं.

“मग तुज्या आईला दे,” ते म्हणाले.