फटी बुजवणारा बलभीम

बलभीमच्या पुढच्या दोन दातांत खिळा बसेल एवढी चांगली फट होती. छपरावर चढला की तो खरोखरच तिथं खिळा धरायचा. शाळेत पोरं त्याला फट्या म्हणायची, आणि त्यावरून त्यानं दोघातिघांची डोकीही फोडली होती. साठी आली तरी हसू आलं की पंचा आधी तोंडावर जायचा. पत्र्याचं छप्पर मात्र असं घालायचा, की बघत राहावं. "माझ्या छपरात उजेडबी इचारून आत येतो," अशी फुशारकी तो जळकोट गावभर मारायचा. त्याच्यामागून दुरुस्तीला दुसरा माणूस कधी लागला नव्हता, आणि याच एका गोष्टीवर तो छाती काढून चालायचा.

हायवेवरच्या हॉटेलवाल्या रणधीरनं कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी लाकडी कौलांचं, म्हणजे आखूड फळ्या एकीवर एक रचलेलं छप्पर पाहिलं, आणि पत्र्याखाली भाजून निघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तसंच घालायचं ठरवलं. बलभीमनं असलं काम जन्मात केलं नव्हतं, पण नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. रणधीरनं त्याला मोबाईलवर सगळं दाखवलं. वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडं जायचं, वरच्या ओळीनं खालची अर्ध्याहून जास्त झाकायची, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.

"आणि काका, दोन फळ्यांत करंगळीच्या नखाएवढी फट ठेवा. लाकूड पाण्यानं फुगतं. फटीखाली दुसरी फळी असतेच, गळत नाही."

बलभीमनं तोंड वाकडं केलं, पण फटी ठेवल्या.

छप्पर पुरं झालं त्या दिवशी त्याचा शाळासोबती धोंडप्पा चहाला आला. बाजेवर बसून त्यानं वर पाहिलं आणि ट्रकवाल्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बलभीम्या, छप्पर अगदी तुझ्यावर गेलंय रं!"

सगळं हॉटेल हसलं. बलभीमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रणधीर सोलापूरला सामान आणायला गेला. ती संधी साधून बलभीमनं पातळ चिपा तासल्या आणि एकूण एक फट ठोकून बुजवली. भाकरी घेऊन आलेली बायको द्वारकाबाई वर बघत राहिली.

"अवो, मालकानं फटी ठिवा म्हणलं व्हतं न्हवं?"

"तुला काय कळतंय छपरातलं?"

"छपरातलं न्हाय कळत. तुमचं कळतंय."

पोळ्याच्या सुमारास झड लागली. लाकूड फुगलं, सरकायला जागा मिळेना, आणि फळ्या तेलातल्या पापडासारख्या वाकून वर आल्या. गल्ल्यावर धार लागली. एक खिळा निसटून थेट गिऱ्हाइकाच्या डाळीत पडला.

रणधीरनं कपाळाला हात लावला. "काका, सोलापूरहून माणूस बोलावतो आता."

दुसरा माणूस म्हणताच बलभीम पुढं झाला.

"मालक, म्याच फटी बुजवल्या."

"का पण?"

"लोक हसले," बलभीम खाली मान घालून म्हणाला.

आता मात्र रणधीरला हसू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. "उघाड पडली की चढा. पण या वेळी मी सांगतो तसंच."

उघाड पडताच बलभीम चढला. चिपा उपसल्या, वाकलेल्या फळ्या बदलल्या, फटी पुन्हा मोकळ्या केल्या. शेवटच्या खिळ्याला आभाळ परत भरून आलं. धोंडप्पा बाजेवर हजर होताच.

"छपरानं परत दात काढले का रं?"

 बलभीमनं दातातला खिळा काढून ठोकला आणि उतरला. तेवढ्यात पाऊस कोसळला. चहाच्या कपावर हात धरून सगळे वर बघत बसले. फळ्यांवर नुसता तडतडाट चालला होता, खाली मात्र थेंबही पडेना. धोंडप्पानं हळूच कपावरचा हात काढला.

तेव्हा बलभीम हसला, सगळे दात दाखवून, हॉटेलभर ऐकू जाईल असा. पंचा खांद्यावरच राहिला.

भाकरी घेऊन आलेली द्वारकाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसत फणकारली, "आसं हसाय काय झालं व्हतं इतकी वर्सं?"