मुलुंड ते बोरिवली, व्हाया हाडांचा चुरा

लोक जानेवारीत राजस्थानला जातात, कच्छच्या रणात जाऊन उंटावर बसतात. मी आणि सुषमा बोरिवलीला गेलो. हसू नका. मुलुंडच्या माणसाने बोरिवलीला जायचं म्हणजे आदल्या दिवशीपासून मनाची तयारी करावी लागते, आणि परत आल्यावर शेजारी "काय, आलात का सुखरूप?" असं खरोखर विचारतात.

कारण आंब्याचं होतं. आमच्या इमारतीच्या मागे एक चिंचोळी पट्टी आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे मी हापूसची पाच कलमं लावली. कलमं देवगडहून आणली, आणि त्यांना परकं वाटू नये म्हणून गावच्या आमच्या परड्यातली लाल माती बारा गोणी भरून टेम्पोने आणली. मुलुंडची माती बाहेर काढली, खड्ड्यांत गावची भरली आणि सगळ्या इमारतीला फोटो पाठवले. दोन वर्षांत एकही कलम माझ्या गुडघ्याच्या वर गेलं नाही. पानं काळपट हिरवी, कडांना जांभळी झाक, नवी पालवी शून्य.

शेजारीच सुषमाचा पेरू आहे. सुषमा तिसऱ्या मजल्यावर राहते, मूळची परभणीची, नर्स आहे. तिने पेरू त्याच आठवड्यात इमारतीच्या साध्या मातीत खोचला होता, तो आता पहिल्या मजल्याच्या खिडकीत डोकावतो. ती त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. फक्त माझ्यासमोर पेरू तोडून खाते.

सोसायटीचे सेक्रेटरी नेनेकाका शिस्तीचे. त्यांनी सांगून टाकलं, "परबबाई, पाडव्याच्या मीटिंगपर्यंत नवी पालवी दिसली तर ठीक. नाहीतर पेव्हर ब्लॉक आणि स्कूटर पार्किंग." मी वरवर हो म्हटलं. पण ती कलमं उपटली असती तर मी त्या बाजूची खिडकी पुन्हा उघडली नसती.

तर निघालो, बोरिवलीच्या नर्सरीवाल्या राऊतमामांना विचारायला. सामान : स्टीलच्या डब्यात खड्ड्यातली माती, वहीत दाबलेलं आंब्याचं पान, पाण्याची बाटली. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत बस. सकाळी नऊच्या आत गेलात तर बसायला मिळतं. घाटकोपरला स्टेशनबाहेर उभ्या उभ्या इडली खाल्ली. चटणी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका, तो देतो.

मेट्रोच्या तपासणीत डबा अडकला. तिथल्या ताईने झाकण उघडलं, आत बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला. "कोण गेलं?"

सुषमाने चेहरा पाडला. "आंब्याचं कलम. अजून गेलं नाहीये, पण लक्षणं तशीच आहेत."

ताईने आम्हाला जाऊ दिलं, पण पुढच्या बाईची पर्स तपासताना ती आमच्याकडेच बघत होती. हायवेला उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोत बसलो आणि राष्ट्रीय उद्यानाच्या स्टेशनपर्यंत थंडगार हवेत गेलो. तिथून रिक्षाने दहा मिनिटांत राऊतमामांची नर्सरी. नर्सरी म्हणजे दोन आंबे, एक खाट आणि हजारभर काळ्या पिशव्या.

मामांनी पान उलटंसुलटं केलं. "याला स्फुरद मिळत नाही. फॉस्फरस."

"मामा, तीनदा घातलंय. सुपर फॉस्फेट."

"कुठे?"

"मातीवर. चांगलं मूठ मूठ भुरभुरवलं."

"पोह्यावर खोबरं घालतात तसं?" मामा खाटेवर बसले. "नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं. स्फुरद पडतो तिथेच बसतो. लहान झाडाला मुळं पसरायला तोच लागतो, आणि मुळं पसरल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. तुम्हीच नेऊन द्यायचा. तोंडाशी."

मग त्यांनी डबा उघडला. "ही कुठली माती?"

"देवगडची," मी म्हणाले. जरा जास्तच ताठ मानेने.

"मग बरोबर आहे. लाल मातीत लोखंड. ते स्फुरद धरून ठेवतं, झाडाला सोडत नाही. मुलुंडची माती काय वाईट होती?"

सुषमा एकदम फुलपाखरं बघायला लागली. मी मात्र भडकले. देवगडच्या मातीत हापूस होत नाही, असं बोरिवलीत बसून कोणी मला सांगावं? मी तिथूनच गावी दादाला फोन लावला आणि मामांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"दादा, बाबा कलम लावताना खड्ड्यात काय घालायचे रे?"

"शेणखत, हाडांचो चुरो, आणि कुजलेले मासे. वर्सावर्साक घालीत. कित्याक गो?"

"मी नुसती माती आणली."

पलीकडे कोंबडा आरवला. "नुसती माती? मग दोन वर्सां कलमां खातत काय, तुझे फोटो?"

फोन बंद केल्यावर मला रडू येईल असं वाटलं. बाबांना मी खड्ड्यांवर वाकलेलं कितीदा बघितलं होतं. त्यांच्या हातात काय आहे हे बघायला मात्र कधी जवळ गेले नव्हते, कारण वास यायचा.

मामांनी चहा दिला आणि उपाय सांगितला. खड्ड्यातली अर्धी लाल माती काढायची, शेणखत आणि इमारतीची माती मिसळायची. बुंध्यापासून वीतभर दूर गोलात भोकं पाडून त्यात थोडं सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा. पहिलं लवकर लागू पडतं, दुसरं सावकाश. "पाचही जगतील असं म्हणत नाही हं," ते म्हणाले. शेणखत त्यांच्याकडेच मिळालं, चुरा संपला होता.

आता अडचण सांगते. आमच्या सोसायटीत घरात काय शिजवाल ते शिजवा, पण आवारात मांसाहार चालत नाही. एका वाढदिवसाला खाली अंड्याचे पफ वाटले म्हणून दोन मीटिंगा झाल्या होत्या. त्याच आवारात मी हाडं पुरणार होते.

"वाट लागेल आपली," मी म्हणाले.

"कळलं तर लागेल ना," सुषमा म्हणाली. "चल."

परतीच्या वाटेवर साकीनाक्याला उतरलो. तिथल्या गाळ्यांमध्ये तुमच्या डोक्यात असेल ती वस्तू लोखंडात करून मिळते. एकाने पाइपाला तिरका काप दिला, वर आडवी मूठ वेल्ड केली, झालं भोकं पाडायचं हत्यार. "काय ताई, बोअरवेल मारताय काय?" एवढंच त्याने विचारलं. घाटकोपरला खताच्या दुकानात हाडांचा चुरा मिळाला. सुषमाने शेजारच्या दुकानातून पाव किलो शेव घेतली, ती पर्समध्ये ओतली आणि चुरा शेवेच्या पिशवीत भरला.

गेटवर नेनेकाका उभे. "काय आणलंत?"

"फरसाण," मी म्हणाले. तोंडातून गेलंच.

"अरे वा! बघू, चव बघू."

सुषमाने पिशवी मागे घेतली. "काका, तुमची ॲसिडिटी मला माहितीये. मी नर्स आहे, माझ्या हातून हे होणार नाही."

रविवारी पहाटे आम्ही दोघींनी खणलं. मुळं बघितली. दोन वर्षांची कलमं, आणि मुळं जेमतेम माझ्या वितीएवढी. मी लाडाने त्यांना उपाशी ठेवलं होतं.

पाडव्याआधी तीन कलमांना तांबूस, लवलवती पालवी फुटली. दोन वाळली. मीटिंग खालीच होती. नेनेकाकांनी झाडं मोजली आणि इतिवृत्ताची वही उघडली. "काय घातलंत ते नोंदवायचं आहे."

"शेणखत म्हण," सुषमा कानात पुटपुटली.

मला ते जमलं नाही. या वेळी निदान झाडांबद्दल तरी खोटं बोलायचं नव्हतं. "शेणखत, सुपर फॉस्फेट आणि हाडांचा चुरा," मी म्हणाले.

नेनेकाकांनी नियमावली काढली, चष्मा पुसला आणि वाचलं, "'रहिवाशांनी आवारात मांसाहार करू नये.' परबबाई, आंबा मेंटेनन्स भरतो का?"

"नाही काका."

"मग तो रहिवासी नाही. तीन झाडं राहतील, दोन जागा पार्किंगला. पुढचा विषय."

तुम्हाला जायचं असेल तर एका दिवसात आरामात होतं. पान आणि माती सोबत न्या, आणि गावची माती आणण्याआधी गावात एक फोन करा. मी तो दोन वर्षं उशिरा केला.

मीटिंगनंतर दादाला पालवीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, पाचातली दोन गेली रे. त्याने लगेच फोन केला. "बाबांची पण पाचातली दोन जायतच गो. तुका ठावक नाय?"

मला माहीत नव्हतं. परड्यात मी फक्त जगलेली झाडं बघत मोठी झाले होते.