धामणीच्या लाकडावरची दुसरी खूण

दोन आठवड्यांमागे रविवारी मी आमच्या अंगणात करवत घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत नुसता बसून होतो. एक लाकूड कापायचं एवढंच काम... पण हात पुढे होईना. चौथीत एकत्र शिकलेल्या आपल्या सगळ्या सोबत्यांसाठी हे लिहितो आहे. वाचून झालं की पुढच्याला द्या.

झालं असं, की बाबांचं जुनं धनुष्य या पावसाळ्यात वाळवीने खाल्लं. धान लोंबीवर आलेलं, रानडुकरं रोज संध्याकाळी बांधापर्यंत येतात, आणि बाबा मात्र धनुष्य नाही म्हणून शेतावर जायचे थांबले. दिवसभर ओसरीवर बसून असायचे.

येणारेजाणारे म्हणायचे, "काय भाऊ, आता शेत सोडून ओसरीच राखता का?" बाबा हसायचे... पण त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं.

म्हणून नवं धनुष्य मी करायचं ठरवलं. धामणीच्या झाडाचं एकच चांगलं लाकूड घरात होतं. बाबांनीच ते वर्षभरापूर्वी चुलीवर आढ्याला बांधून धुरात वाळत ठेवलं होतं. तासायला त्यांचा खांदा साथ देत नाही.

लाकूडडेपोत माझी नोकरी, कामच लाकडं मोजायचं. माप चुकलं की मला घास गिळवत नाही. चांद्याच्या बाजारातून आणलेल्या टेपने जुनं धनुष्य तीनदा मोजलं... पाच फूट पाच इंच. नव्या लाकडावर तेवढ्यावर कोळशाने खूण केली. तरी धाकधूक होतीच, म्हणून चैतूभाऊंकडे गेलो. आमच्या भागात म्हातारे चैतूभाऊच धनुष्यं करतात.

त्यांनी टेपकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाकडाचं माप आणलंस. माणसाचं कुठी हाय?"

"जुनं होतं तेवढंच करतो ना, भाऊ."

"जुनं धनुष्य जुन्या हाताचं होतं. अस्वलानं तुह्या बापाचा खांदा फोडला, त्याले तीन वर्षं झाली. आता त्याचा हात मागं कुठवर येते, पाह्यलं का तू?"

नव्हतं पाहिलं...

मग त्यांनी नीट सांगितलं. हात कमी मागे येत असेल तर लांब धनुष्य अर्धंच वाकतं, आणि बाण वाटेतच पडतो. ज्याचं धनुष्य त्याने रिकाम्या हातांनी बाण ओढल्यासारखं उभं राहायचं. दोन मुठींमधलं अंतर दुप्पट करायचं, वर एक वीत धरायची. तेवढी लांबी, आणि तासायचं थोडं पातळ.

रीत सोपी आहे. पण बाबांना असं उभं करून मोजलं, तर हात किती उरलाय हे त्यांच्यासमोरच मोजल्यासारखं झालं असतं. दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

शेवटी खोटं बोललो. "बाबा, टेप खरा हाय का नाई, ते पाहाचं हाय. जरा धनुष्य ओढल्यासारखे उभे राहा ना."

बाबा उभे राहिले. पूर्वी त्यांची मूठ कानापर्यंत जायची. आता गालाच्याही अलीकडे थांबली... सव्वीस इंच. मनातच हिशेब केला: दुप्पट बावन्न, वर वितीचे नऊ. पाच फूट एक इंच. म्हणजे चार इंच कमी.

आणि मग तो रविवार. चार इंच आखूड धनुष्य हातात घेतल्यावर बाबांना कळल्याशिवाय राहील का? आणि हिशेब चुकला तर दुसरं लाकूड तरी कुठे आहे...

उगीच काहीतरी करायचं म्हणून लाकडावरची काजळी फडक्याने पुसत बसलो. तर मागच्या बाजूला कोयत्याची एक बारीक चीर दिसली. माझी नव्हती. वर्षभराच्या धुराने आतपर्यंत काळी झाली होती. टेप लावला.

पाच फूट एक इंच.

ओसरीवरून बाबा म्हणाले, "काऊन रे, टेप खरा निघाला का?"

मला मान वर करवेना. "खरा हाय, बाबा."

"मंग काप ना. शेतातल्या मचाणाचं छप्पर ठेंगणं हाय. लांब धनुष्य अडकते तिथी."

छप्पर पूर्वीही तेवढंच ठेंगणं होतं. त्यांच्या चिरेवर करवत ठेवली आणि कापलं.

आठवडाभर तासत होतो. बांबूच्या सालीची दोरी चैतूभाऊंनी दिली. परवा संध्याकाळी बाबांनी शेतात पहिला बाण सोडला... बांधावरच्या मोहाच्या बुंध्यात असा रुतला की काढताना माझी दमछाक झाली. "हळू ओढ, मोडशील," एवढंच ते म्हणाले. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

कापून उरलेला तुकडा मी फेकला नाही. तासून त्याची खुंटी केली, धनुष्य टांगायला. जुनी खुंटी फार उंचावर होती. नवी कितीवर ठोकायची, हे या वेळी मी मोजलं नाही...

बाबांना विचारलं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथी."