आधी बघा, मग उपटा

विमलबाईंना मी पहिल्यांदा नीट बघितलं, ते माझ्याच ज्वारीचं पोट फाडताना.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमच्या बेंबळी गावचं शिवार करपून गेलेलं, आम्ही बायामाणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो. आमच्या विहिरीच्या कडेला तेवढा ओलीचा एक तुकडा होता, तिथं थोडी मालदांडी ज्वारी तग धरून पोटरीत आली होती. कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आवरणात फुगून बसतं, त्याला आमच्याकडं पोटरी म्हणतात. ते ताट दिसतंही पोटुशी बाईसारखंच. सकाळी रानात गेले तर पांढरं पातळ नेसलेली एक बाई वाकून पोटऱ्या नखानं उभ्या चिरत होती आणि आतलं कोवळं कणीस औषधाच्या बाटलीत टाकत होती.

मी विळा घेऊनच धावले. "कोण गं तू? दुष्काळात पोटुशीचं पोट फाडतीस व्हय?"

तिनं आधी बाटलीला नीट बूच लावलं, मग माझ्याकडं बघितलं. "फाडल्याबिगर कसं कळंल वहिनी, ही भरणार का वांझ ऱ्हाणार?"

"आन् विचारायचं न्हाय?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून आधी घेतलं, आता विचारते."

माझा विळा खाली आला तो तिच्या धिटाईनं नाही, 'वांझ' या शब्दानं. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जातं, कडब्याची खोपटासारखी कोप करून पाच पांडवांची पूजा मांडतं, तेव्हा माझ्या जावा मला पूजेपासून हातभर लांबच बसवायच्या. भाकरी मी थापायच्या, आंबील मी करायची, पण नैवेद्याचं ताट दुसरीच्या हातात.

ही विमल आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. तिच्या बापानं जन्मभर लोकांच्या रानात सालगडी म्हणून सालं घातली आणि पोरीला शिकवलं. ती उस्मानाबादच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं येऊन आमची रानं धुंडाळायची. उजव्या हाताचा अंगठा कायम लालसर. मला वाटायचं मेंदी लावती. नंतर कळलं, तो तिच्या रंगाचा डाग. कणसाच्या कोवळ्या कळीतला परागाचा बारीक कोश काचेवर ठेवायचा, लाल रंगाचा थेंब टाकायचा, दिव्यावर जरा शेकायचा आणि वरून अंगठ्यानं असा दाबायचा की चिरडला पाहिजे पण हलला नाही पाहिजे. "भाकरी थापताना तुमचा हात जसा कळतो ना, तसंच हे," म्हणायची.

एकदा तिनं तिचं सूक्ष्मदर्शक यंत्र आमच्या बांधावर आणलं. लिंबाखाली पोत्यावर ठेवलं, खालच्या आरशावर ऊन घेतलं आणि मला म्हणाली, "एक डोळा झाका वहिनी."

आत लाल किड्यांसारखं काहीतरी दिसलं.

"ही गुणसूत्रं. ज्वारीची ज्वारी होते ती यांच्यामुळं. दहा जोड्या असतात. फुगडी घालतात तशा जोडीनं येतात आणि सुटताना दोघी दोन बाजूला जातात. आता मधे बघा."

मधे दोघी तशाच होत्या. बाकीच्या आपापल्या कडेला पोचलेल्या आणि ह्या हातात हात अडकल्यागत मधेच.

"ह्यांचं का सुटंना?"

"तहान. पाणी न्हाय, वर ऊन. आतलं काम बिघडतं. मग परागकण पोकळ होतो, दाणा भरत न्हाय. गाव म्हणतं, ताट वांझ निघालं. अहो, त्या ताटानं काय केलं? दुष्काळ नुसता विहिरीत उतरत न्हाय, हितपर्यंत उतरतो."

मी डोळा काढला नाही. पाणी आलं होतं, ते तिला दिसू द्यायचं नव्हतं. तिनं बघितलं असणार. तिनं आरसा जरा हलवून उजेड वाढवला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. आमच्या सोसायटीनं ठरवलं, दुष्काळातून जी ज्वारी वाचली तिचंच बियाणं वाढवायचं आणि आसपासच्या गावांना द्यायचं. माझं रानही त्यात घेतलं. बियाण्याच्या रानात एक काम नेमानं असतं, भेसळ काढायची. बायकांनी ओळीनं चालायचं आणि जे ताट बाकीच्यांसारखं दिसत नाही ते उपटून बांधावर टाकायचं. मी त्या टोळीच्या पुढं असायची. माझ्या नजरेतून भेसळ सुटत नाही म्हणून सोसायटीचे चेअरमन भगवानतात्या माझं नाव घ्यायचे.

त्या वर्षी माझ्याच रानात एक ताट निघालं. बुटकं, पानं रुंद आणि जाड, पोटरी वाकडी. उपटायला वाकले आणि हात थांबला. विमलबाईंचं बोलणं आठवलं. कुठलंही झुडूप, किडा, माणूस असो, त्या म्हणायच्या, "आधी बघा, मग उपटा." मी निरोप धाडला.

त्या आल्या, ताटाच्या बगलेतल्या फुटव्याची पोटरी चिरली आणि दुपारभर लिंबाखाली यंत्राला डोळा लावून बसल्या. उठल्या तेव्हा चेहरा नुसता उजळलेला. "वहिनी, दहा जोड्या आणि वर एक जादा. मागल्या साली हिच्या आईच्या पोटात एक जोडी सुटली न्हाय. दोघी एकाच बाजूला गेल्या. ती जादा घेऊन ही जन्माला आली. दुष्काळ संपला म्हणता ना? हा बघा, हितं उभाय."

त्यांना त्या ताटाचं बी पाहिजे होतं. पोरं आईसारखी निघतात का सरळ, हे पेरल्याशिवाय कळणार नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी बियाणं तपासणारे साहेब यायचे होते, आणि तात्या चार माणसं घेऊन बांधावर आले.

"उपटा ते. एका ताटापायी सगळा प्लॉट नापास करायचाय का?"

विमलबाई ताटाशेजारी मातीतच बसल्या. "कणसाला कागदी पिशवी घालते तात्या. तिचा परागकण बाहेर जाणार न्हाय, कुणाचं बी बाटणार न्हाय."

"लई शिकलीस विमल. पण रानाचा कायदा एकच, सारखं नसंल ते बाहेर."

"ठाऊक आहे. वेगळ्याला उपटून बांधावर टाकायची सवय ह्या गावाला जुनी आहे. आमचं घर बघा कुठंय ते. आज मात्र मी उठत न्हाय. मला उपटा, मग तिला."

तात्या माणूस वाईट नव्हता, पण चार माणसांसमोर मागं कसं सरावं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडं वळला. "वहिनी, रान तुमचं. तुम्ही सांगा हिला."

मी विळा कमरेला खोवला. "माझं रान प्लॉटातून काढा. खाऊ मी ती ज्वारी. बियाण्याला नका घेऊ."

"डोकं फिरलंय तुमचं. त्या वांझ ताटापायी?"

"तात्या, तिनं काय केलंय ते सांगा आधी."

घरी मालकांनी दोन दिवस अबोला धरला. पण माझं रान प्लॉटाबाहेर गेलं आणि ताट राहिलं.

वेळ अमावस्येला मी कोप तिथंच उभी केली, त्या पिशवी घातलेल्या ताटाशेजारी. पूजा मीच मांडली. जावा कुजबुजत लांब उभ्या. विमलबाई आल्या, चपला काढल्या, माझ्यासमोर मांडी घातली. "मी पांडवबिंडव मानत न्हाय, वहिनी. पण भूक मानते. द्या आंबील." माझ्या हातचं पहिलं वाडगं त्यांनी घेतलं आणि सगळ्यांकडं बघत घोट घोट संपवलं. मग धाकटी जाऊ आली. मग बाकीच्या आल्या.

त्या कणसात मूठभरही दाणे भरले नाहीत. अर्धं कणीस पोकळच. ते दाणे पुढच्या हंगामात विहिरीच्या कडेला टोकले. बरीचशी ताटं सरळ, भरल्या कणसाची निघाली. थोडी मात्र आईच्या वळणावर गेली, तशीच बुटकी, रुंद पानांची. विमलबाईंनी दोन्हीकडच्या पोटऱ्या चिरल्या, बघितल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्या रानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. "वाकड्या आईची सरळ पोरं, आणि तिच्यासारखीही पोरं. दोन्ही एकाच कणसातली. बोलवा तात्याला, बघू दे." तात्या आला. एकेक ताट वाकून बघत गेला. म्हणाला, "ह्या बुटक्या वैरणीला बऱ्या दिसतात." त्याच्याकडून एवढं निघालं, तेवढ्यावर विमलबाई खूश.

मला मूल झालं नाही. ते तसंच राहिलं. पण त्या वर्षानंतर पूजेच्या वेळी मी कधी लांब बसले नाही. कुणी डोळे वटारले की मी विचारायची, आधी बघितलंस का?

विमलबाई नोकरीत असेपर्यंत भांडल्या. कॉलेजातल्या पोरींना रानात न्यायला परवानगी मिळत नव्हती तर त्यांनी वर्गच एसटी स्टँडवर भरवला आणि तिथून गाडीत बसवून नेला. मोठ्या साहेबानं विचारलं, "बाई, हे नियमात बसतं का?" त्या म्हणाल्या, "नियम बसू दे, आम्ही उभ्यानं जातो, गाडीला गर्दी आहे." हे मला त्यांच्याच पोरींनी हसत हसत सांगितलं.

त्या गेल्या तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. मी बेंबळीहून गेले, मागं बसले. एकेक जण उठायचा, बोलायचा. बाई शांत होत्या. बाई मनमिळाऊ होत्या. बाई कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. फोटोही असा लावलेला, केस चापून, ओठ मिटून, कुठल्याही बाईचा असावा तसा. माझ्या डोळ्यांदेखत तिची भेसळ काढायला लागले होते.

मी उठले. मला कुणी बोलावलं नव्हतं. माईक हातात घेता येत नाही, म्हणून तसंच मोठ्यानं बोलले.

"मी ज्वारीवाली बाई आहे, बेंबळीची. तुम्ही सांगता ती बाई मला ठाऊक न्हाय. माझी विमल भांडखोर होती. न विचारता दुसऱ्याच्या रानात शिरायची. हट्टी, उद्धट, आन् सगळ्यात एक जादा. जित्तेपणी तिला उपटणं तुम्हाला जमलं न्हाय. आता मेल्यावर सरळ करू नका."

मग पुढच्या रांगेतून तिच्या जुन्या पोरींपैकी एक बोलायला उठली. तिच्याही उजव्या हाताचा अंगठा लाल होता.